शेडमधला उजेड

परीक्षांचे दिवस आले की मला ते आधी नाकानं कळतात. काटेसावरीखाली पडून सडलेल्या जाड लाल पाकळ्यांचा वास, चाकणकडून भरून येणाऱ्या टेम्पोंतल्या कांद्याचा वास, आणि शाळेच्या धुतलेल्या वर्गांतून बाहेर येणारा फिनेलचा वास. मग फाटकांवर परीक्षा केंद्राचे कागद चिकटतात, शेजारची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत शटर ओढून घेतात आणि सिग्नलला थांबलेल्या रिक्षात पोरं शेवटची पानं उलटताना दिसतात. माझी स्वतःची शेवटची परीक्षा होऊन वीस वर्षं झाली, तरी फेब्रुवारीचं ऊन जरा तापलं की माझ्या तळहाताला घाम सुटतो. यंदाही सुटला.

मी मारुंजीत अकराव्या मजल्यावर राहते. समोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या काचांवर आपटतो आणि उलटा फिरून माझ्या स्वयंपाकघरात शिरतो. ओट्याशी पोळ्या लाटताना मला एक हात डोळ्यांवर धरावा लागतो. त्या इमारतींत बसलेली माणसंही त्याच उन्हाला वैतागून पडदे ओढून घेतात आणि भर दिवसा दिवे लावून काम करतात, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे काच त्यांच्या कामाची नाही आणि माझ्याही नाही. ती नक्की कुणासाठी लावली आहे हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारते आहे.

तक्रार तरी कुणाकडे करणार? मी स्वतः इमारतींचे नकाशे काढून पोट भरते. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी ती काच कागदावर काढली असणार आणि कागदावर ती फार देखणी दिसली असणार. कागदावर ऊन पडत नाही ना! तर परवा असाच डोळ्यांवर हात धरून उभी असताना तव्यावरची पोळी करपली. त्या वासासरशी मला काही वर्षांपूर्वीची एक फेब्रुवारी आठवली. माझी स्वतःची म्हणावी अशी पहिली इमारत त्या फेब्रुवारीत जवळजवळ मोडीत निघाली होती, आणि ती वाचली ती एका खडूच्या तुकड्यामुळे.

पण त्याआधी पप्पांच्या सावलीची गोष्ट सांगायला हवी.

पप्पा तरुणपणी मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर लागले. केसाहून बारीक मापाचं काम. घरी ते फारसं बोलत नसत. मी तिसरीत असताना एकदा जेवता जेवता म्हणाले, "आमच्या शेडमदी सावली पडत नाही." एवढं बोलून ते भाकरीकडे वळले. मला मात्र पुढचा घास गिळवेना. सावली नसलेले लोक कोण असतात आणि त्यांचे पाय कुठल्या दिशेला असतात, हे आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या पप्पांच्या कंपनीत भुतं कामाला आहेत, पण ती फक्त जनरल शिफ्टला येतात. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीनं घरच्यांना आत सोडलं तेव्हा पप्पा मला हाताला धरून घेऊन गेले. मशीनना झेंडूच्या माळा, पुसून लखलखीत केलेल्या फरश्या, तेलाचा आणि पेढ्यांचा एकत्र वास. सगळी बायकापोरं मशीनकडे बघत होती. मी वर बघत होते. छत सपाट नव्हतंच. एक पत्रा उतरत यायचा, मग एकदम उभी काच, पुन्हा उतरता पत्रा, पुन्हा उभी काच. करवत उलटी धरावी तसे दातच दात पार लांबपर्यंत गेले होते, आणि सगळ्या काचा एकाच दिशेला तोंड करून होत्या.

"काय बघायलीस वर? मशीन बघ की," पप्पा म्हणाले. मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मशीनच्या सपाट भागावर उभी धरली. बाहेर टळटळीत दुपार होती, आत एकही दिवा लागलेला नव्हता, आणि पेन्सिलीला सावली नव्हती. अगदीच नव्हती असं नाही. बुडाशी काहीतरी फिकट, विरलेलं होतं, पण त्याला सावली म्हणण्याइतका जीव त्यात नव्हता.

"काचा उत्तरेला हाईत," पप्पांनी सांगितलं. "उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. ऊन आलं की नजर फसती. नजर फसली की माप चुकतं." भुतांचा प्रश्न असा सुटला. मला थोडं वाईटच वाटलं.

पुढे कॉलेजात सरांनी फळ्यावर याच छपराचं चित्र काढून त्याला 'नॉर्थ लाइट' म्हणतात असं सांगितलं, तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच दात काढून हसत होते. परदेशातल्या मोठमोठ्या वास्तूंची नावं मला पाठ करावी लागली, ती मी केली, परीक्षेत लिहिली आणि विसरले. हे एकच चित्र मात्र मी शिकायच्या आधीपासून मला येत होतं.

आमच्या या पट्ट्यात नुसतं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं तरी आधुनिक बांधकामाचं अख्खं पुस्तक वाचून होतं. निगडीच्या प्राधिकरणातले जुने बंगले घ्या. सिमेंटच्या जाळ्या, मोझॅकची फरशी, फाटकापाशी तगर. त्या जाळ्यांतून आत वारा येतो आणि बाहेर घरातली भांडणं जातात, त्यामुळे तिथली माणसं हळू आवाजात भांडायला शिकली आहेत. थेरगावातल्या पाच मजली इमारतींना बाल्कन्या आहेत, त्यांना लोकांनी लोखंडी ग्रिल बसवून घेतले, आणि आता त्या ग्रिलमध्ये सायकल, वाळवण, कुंड्या आणि एखादे आजोबा असा सगळा संसार मावतो. वरून दोरीला पिशवी बांधून भाजी घेणारी बाई खालच्या भाजीवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करू शकते. माझ्या अकराव्या मजल्यावरून मला खालचा भाजीवाला दिसतसुद्धा नाही. आमच्या इमारतीचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं आहे आणि दाराशी चार गोल खांब आहेत. ते काहीच उचलून धरत नाहीत, हे मी मुद्दाम ठोकून पाहिलंय. आतून पोकळ आहेत.

आपण इमारत एकदाच बांधतो, मग ती आपल्याला रोज वळण लावत बसते. आपण कुणाशी बोलायचं, कुठं थबकायचं, दिवसा दिवा लावायचा की नाही, हे ती ठरवते आणि आपल्याला वाटतं आपलाच तसा स्वभाव आहे. पप्पांचं मी डोळ्यांनी पाहिलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांची बदली चाकणच्या नव्या कारखान्यात झाली. तो कारखाना म्हणजे निळ्या-पांढऱ्या पत्र्याची प्रचंड पेटी. स्वच्छ, थंड, झगझगीत आणि बिनखिडकीची. "बाहेर पाऊस येऊन गेला तरी शिफ्ट सुटल्यावरच कळायलंय," पप्पा म्हणायचे. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, बोलणं आणखी कमी झालं. इकडे पिंपरीतली ती करवतीच्या दातांची शेड पाडून तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्याही दाराशी गोल खांब आहेत.

तर ती फेब्रुवारी. आई-पप्पा राहतात त्या आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या मागे पत्र्याची एक बुटकी खोली होती, तिला सगळे मोठ्या मानानं अभ्यासिका म्हणायचे. आत एक ट्यूब, ती सारखी फडफडायची. दुपारी बारानंतर तिथं बसणाऱ्याचं डोकं भणभणायचं, म्हणून पोरं आपापली जागा शोधायची. शेजारची प्रज्ञा त्या वर्षी बारावीला होती. तिच्या घरी एकच खोली आणि माणसं सहा. ती आमच्या जिन्याच्या वळणावर पुस्तक घेऊन बसायची. कुणी वर-खाली जायला लागलं की मान न उचलता फक्त पाय आखडून घ्यायची. तिच्याकडे बघून बघूनच बहुधा विहाराच्या कमिटीनं ठरवलं की ती खोली पाडायची आणि खरीखुरी अभ्यासिका बांधायची. नकाशा काढायला वस्तीचीच लेक, म्हणजे मी. थंडीत भिंती उभ्या राहिल्या. बारावीचे पेपर जिन्यातच जाणार हे दिसतच होतं, पण मे महिन्यातल्या सीईटीचा अभ्यास तरी प्रज्ञानं आणि तिच्या बरोबरच्या पोरांनी छताखाली बसून करावा, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

छताचा नकाशा मी विहारात सतरंजीवर पसरला. तीन मोठे दात, काचा उत्तरेला. सगळे वाकून बघू लागले. मग गायकवाड काकांनी तोंड उघडलं. काका म्हणजे कमिटीचे अध्यक्ष आणि कंपनीत पप्पांच्या शेजारच्या मशीनवरचे दोस्त. त्यांचा मुलगा हिंजवडीत काचेच्या इमारतीत कामाला, आणि त्या इमारतीचा फोटो काकांच्या मोबाइलवर पहिलाच.

"ही तर शेड आहे," काका म्हणाले.

आमच्याकडे या शब्दाला वजन आहे. कारखाना म्हणायचं झालं तर कुणी कारखाना म्हणत नाही. बाप शेडला गेलाय, बाप शेडवरनं यायचाय, शेडमध्ये बोट गेलं, शेड बंद पडली. वस्तीतल्या बायकांची निम्मी काळजी या एका शब्दात बसते.

"आमचा जन्म शेडमध्ये गेला गं," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "पोरांनी शिकायचं कशासाठी? शेडमध्ये जायला लागू नये म्हणून. आणि तू त्यांना अभ्यासालाच शेडमध्ये बसवतेस? समोरनं मस्त काच लाव, रोडवरनं दिसली पाहिजे. लोकांनी म्हटलं पाहिजे, ही इथल्या पोरांची अभ्यासिका."

 खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, कारण काकांचं मला पटत होतं आणि माझं छतही मला पटत होतं. तेवढ्यात कधीही बैठकीत न बोलणारे पप्पा मागून म्हणाले, "एक दात करून बघू." तसं ठरलं. तीनपैकी एकच दात आधी चढवायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटी त्याच्याखाली बसून बघेल. पटला तर उरलेले दोन, नाही पटला तर उतरवून सपाट स्लॅब आणि रस्त्याकडून काच. माझा जीव त्या एका दाताला टांगला गेला.

लोखंडाचं काम नानांकडे दिलं. नाना थेरगावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांच्या शेतांवर आता डांगे चौकाच्या अलीकडे-पलीकडे इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे ग्रिल नानांच्याच वर्कशॉपमधले. हात सोन्याचा, मन त्याहून मोठं. मला चाकणच्या एका साइटवर चार दिवस अडकायचं होतं. निघताना मी नकाशावर दिशेचा बाण लाल पेननं गिरवून दिला. "मॅडम, तुमी बिनघोर जावा," नाना म्हणाले. "आमी हाय न्हवं!"

रविवारी सकाळी कमिटीच्या जेमतेम पाच मिनिटं आधी मी पोचले. रस्त्यावरूनच दात दिसला. देखणा, सरळ, एकही सांधा वाकडा नाही. काच तर इतकी लखलखत होती की मला तिच्यात मी आणि माझी स्कूटी दोघी दिसलो. आणि मग लक्षात आलं. मी रस्त्यावर होते आणि काच मला दिसत होती. रस्ता दक्षिणेला आहे.

"नाना, काच या बाजूला कशी काय?"

नाना वर्तमानपत्राच्या बोळ्यानं काच पुसत होते. ते वळून कौतुकानं हसले. "व्हय, मंग! इमारतीचं तोंड रोडकडंच असतंय की. तुमच्या ड्रॉइंगात ती मागं दावली हुती. म्हनलं, गडबडीत मॅडमची चूक झाली आसंल. आमी सुधारून घेतली. तुमाला सांगितलं न्हाई, म्हनलं कशाला लाजवायचं?"

माझी चूक झाकायला त्या माणसानं माझी इमारत उलटी करून ठेवली होती. रागावायचं तरी कसं? आणि रागावायला वेळही नव्हता, कारण कमिटी येऊन टेकली होती. सगळे दाताखाली सतरंजीवर बसले आणि ऊन थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसलं. काकांनी वर्तमानपत्र डोक्यावर धरलं. एकानं चष्मा काढून डोळे पुसले. मी सांगितलं की दात उलटा बसलाय. ते मला स्वतःलाच सबबीसारखं ऐकू आलं.

"आता उलटा म्हणतेस," काका म्हणाले. "शेड ती शेडच, वर आणि भट्टी. उतरवून घ्या राव. उद्या स्लॅबवाल्याला बोलवू."

सगळे उठले. पप्पा उठले नाहीत. त्यांनी विहारातल्या फळ्याच्या कडेवरचा खडूचा तुकडा आणला होता. ते गुडघ्यावर बसले आणि फरशीवर पडलेल्या उन्हाच्या तुकड्याभोवती त्यांनी सावकाश रेघ ओढली. शेजारी लिहिलं, दहा. मग काकांकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहिलास. आजचा एक दिवस बस. सांजच्याला काय म्हणशील ते."

शेजारच्या मशीनवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. काका बसले.

अकरा वाजता दुसरी रेघ. बारा वाजता तिसरी. ऊन फरशीवरून सरकत होतं आणि त्याच्या पुढे पुढे काका वर्तमानपत्र घेऊन सतरंजी सरकवत होते. अग्रलेख अर्धा वाचून होईतो त्यांच्यावर पुन्हा ऊन यायचं. आईनं डबा पाठवला आणि निरोपही, की घरातला बल्ब बदलायला सांगून महिना झाला, त्याचीही एक रेघ कुठंतरी ओढून ठेवा. दुपारी पप्पा म्हणाले, "इथं टेबलं येणार. या टेबलावरचं पोरगं दहाला उठणार, त्या टेबलावरचं बाराला, ते पलीकडलं दोनला." काकांनी सतरंजी पुन्हा सरकवली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला कुणी बोल म्हटलं नाही.

तीनच्या सुमाराला फरशी खडूच्या रेघांनी भरून गेली होती. काका त्या सगळ्या चौकोनांकडे बघत म्हणाले, "आपल्या शेडमध्ये हे असं कधी नव्हतं."

"का नव्हतं?" पप्पांनी विचारलं.

काका उभे राहिले. आधी काचेकडे बघितलं, मग वळून पाठीमागच्या भिंतीकडे. मग त्यांनी हळूहळू हात वर केला आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. कंपनीत जिथं उभे राहून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, तिथंच ते क्षणभर परत उभे होते असं मला वाटलं. "काचा तिकडं होत्या," ते म्हणाले. "आपण कधी जागा सोडली नाही. सकाळी जिथं उभे राहायचो, तिथंच साडेचार वाजायचे." मग माझ्याकडे वळून जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फिरव गं हा. बघू दे मला."

"आरारारा!" नाना कपाळावर हात मारून म्हणाले. "म्हंजी मॅडमचंच बरुबर हुतं व्हय!"

चौथ्या दिवशी सकाळी हायड्रा आला. बोळात ती पिवळी क्रेन शिरतानाच निम्मी वस्ती गोळा झाली. निवृत्त झालेली एकूण एक माणसं हजर होती. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कानात यंत्र. पण क्रेनचा हुक खाली आला आणि ती माणसं बघता बघता बदलली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकजण समोर, एकजण मागे, पप्पा मधोमध. हाताच्या मुठी, बोटांच्या खुणा. कारखान्याच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून हातांनी बोलायची सवय. ती अजून जशीच्या तशी होती. ड्रायव्हर पोरसवदा होता. तो त्यांच्या हातांकडे बघून मुकाट्यानं लिव्हर हलवत राहिला.

दात उचलला गेला. हवेत तरंगत तो सावकाश फिरू लागला, आणि फिरता फिरता त्याच्या काचेवरचं ऊन समोरच्या घरांवरून सरकत गेलं. पत्र्यांवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, बायकांच्या चेहऱ्यांवरून, आमच्या जिन्याच्या वळणावरून. तिथं प्रज्ञा रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले आणि हसली. मग काच उत्तरेकडे वळली आणि तो झोत एकदम नाहीसा झाला. "येऊ दे... येऊ दे... बास!" हे मात्र सगळे एकदम ओरडले, आणि दात आपल्या जागी बसला. पुढे तासभर लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नाना माझ्या पाया पडायला वाकले, तेव्हा मीच घाबरून मागे सरकले.

त्या रविवारी कमिटी पुन्हा बसली. पप्पांनी पेन्सिल फरशीवर उभी धरली. सगळ्यांनी वाकून बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. काकांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका जागी बसून वाचून काढलं, छोट्या जाहिरातींसकट. घडी घालून म्हणाले, "उरलेले दोन चढवा."

पुढचा दीड महिना मी फारशी झोपले असेन असं वाटत नाही, पण थकले असंही आठवत नाही. पत्र्याखाली जाड थर घातला, म्हणजे तापलेला पत्रा पोरांच्या डोक्यावर उतरणार नाही. दातांच्या टोकाला गरम हवा बाहेर जायला फटी ठेवल्या. मे-जूनमध्ये सूर्य जरा उत्तरेकडे झुकतो, त्यासाठी काचेवर हातभर पत्रा पुढे काढला. हे सगळं नानांनी एकदाही न सुधारता केलं. प्रत्येक तुकडा चढवण्याआधी ते फोन करायचे, "मॅडम, उत्तर म्हंजी रोडच्या उलटीकडंच न्हवं?" आणि मी हो म्हटल्यावर पुन्हा एकदा विचारायचे.

करपलेली पोळी टाकून देऊन परवा मी तिकडे गेले. बाहेर चपलांचा ढीग होता. दारावर कागद चिकटवलेला, 'शेडमध्ये मोबाइल बंद ठेवावा'. अक्षर प्रज्ञाचं. सीईटी, कॉलेज करून ती आता नोकरीला लागली, पण रविवारी गणित शिकवायला येते. रस्त्यावरून अभ्यासिकेचा ग्रॅनाइटचा फलक दिसतो, त्यावर अभ्यासिका असंच कोरलंय. पण ते नाव कुणी घेत नाही. मी दारात उभी असताना एक मुलगी पळत पळत आली, मागे वळून घराकडे ओरडली, "आई, मी शेडला चाललेय!" आणि आतून आई म्हणाली, "बरं, डबा घे." याच वस्तीत, याच शब्दांत बायका आपल्या नवऱ्यांना डबे देत आल्या आहेत. मला तिथंच दारात उभ्या उभ्या मोठमोठ्यानं हसावंसं वाटलं, पण आत मोबाइलसुद्धा बंद होते.

पहिल्यांदा तो शब्द असा वापरला तो गायकवाड काकांनीच. एप्रिल होता, उद्घाटनाचा दिवस, भर दुपार. काका बोलायला उभे राहिले. "आजपासून ही अभ्यासिका" असं कागदावर लिहून आणलेलं होतं. पण कागदावरून नजर उचलून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आजपासून ही शेड आपल्या पोरांची."  मग एवढ्या टाळ्या वाजल्या की काकांना पुढचं भाषण करताच आलं नाही, आणि त्यांनी ते केलंही नाही.

समारंभ संपला. पोरांना तर धीरच नव्हता. सीईटी तोंडावर होती. त्यांनी टेबलं पकडली, पुस्तकं उघडली. प्रज्ञा मधल्या टेबलावर बसली आणि पाय लांब सोडून वाचायला लागली. पाय आखडून घ्यायला तिथं कुणी येणार नव्हतं. मी भिंतीशी उभी होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की समारंभासाठी कुणीतरी सगळ्या ट्यूब लावून ठेवल्या आहेत.

पप्पांच्याही लक्षात आलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते शेवटच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले, पाय न वाजवता बटणांच्या बोर्डापाशी गेले आणि एक बटण बंद केलं. थांबले. दुसरं बंद केलं. तिसरं.  इतक्या दिवसांची मेहनत, काकांचा शब्द, नानांचं लोखंड, सगळं त्या बोर्डापाशी येऊन उभं होतं. पप्पांनी शेवटचं बटण बंद केलं.

चाळीस माना पुस्तकांत होत्या. एकीनंही वर बघितलं नाही.

वर बघत होते ते फक्त पप्पा. बोर्डावरचा हात तसाच, मान पूर्ण मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं. मी त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्याच बोलीत हळूच विचारलं, "काय बघायलात वर? पोरं बघा की."

"छत बघायलो," पप्पा म्हणाले. "तिथं पण हे असंच होतं. पण मशीन चालू असायची गं, कधी वर बघता आलं नाही."